शेवटी तो उठला का

१४ नोव्हें., शुक्रवार
फोनला सांगतोय, तो लिहून घेतोय. आज थेटरात गेलो. नलू गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुण्याहून प्राजूनंच सुचवलं. "बाबा, नुसत्या बोलण्याचा सिनेमा आहे म्हणे. आईसारखं तुम्हाला शेजारी बसून कुणी काही सांगायला नको." पोरगी बोलून गेली अन् मग घाईनं शोची वेळ सांगू लागली.

डोळे गेल्यावर पडदा नलूच सांगायची. डाव्या कानाशी लागून. आता तो खिडकीपाशी गेला, आता तिनं चिठ्ठी फाडली. मागचे श्श श्श करायचे. ती मागं वळून म्हणायची, "तुम्हाला दिसतंय ना, मग बघा की."

रफिकभाईच्या रिक्षानं गेलो. त्याचंही तिकीट काढलं.

एक नवरा, एक बायको. वेगळे होऊन बरीच वर्षं झालेली. लेकीचं ऑपरेशन चालू, अन् हे दोघं दवाखान्याच्या कँटीनमधी बोलत बसलेत. बस, एवढंच. शब्द न् शब्द कळला. तरी पूर्ण वेळ मी डावीकडं झुकून बसलो होतो, ते घरी आल्यावर कळलं. मान धरलीय.

लोक आधी हसले. मग जांभया. मग खुर्च्या. माणूस उठला की बैठक वर आपटते, तो आवाज. पुढं कुणीतरी म्हणालं, "अरे, काहीतरी होऊ द्या." रफिकभाई मध्यंतरानंतर आलाच नाही.

शेवटी ती त्याला विचारते, "येतोस?"
मग काहीच नाही. शब्द नाही, पाऊल नाही. बराच वेळ. मग एकदम संगीत, अन् लोक उठले.
गेला का तो तिच्यासोबत? शेजारची खुर्ची रिकामी. विचारणार कुणाला.

१५ नोव्हें., शनिवार
कालचं राहिलं. जिन्यात विचारलंच मोठ्यानं, "शेवटी काय झालं हो? मला दिसत नाही."
एक जाडा आवाज, "काय होणार? बसून राहिला. माणूसच तसला."
एक पोरगी म्हणाली, "नाही काका, उठला तो. गेला तिच्यामागं."
"कुठं उठला? झोपली होतीस तू."
"तुम्हीच झोपला होता. घोरत होता."
आणखी दोघं-तिघं थांबले. चांगलीच जुंपली. मी मधोमध काठी धरून उभा. लई बरं वाटलं. नलूच्या दिवसांनंतर एवढी माणसं माझ्याभोवती उभी राहिली नव्हती.
मग गाड्यांच्या चाव्या वाजल्या अन् जिना रिकामा झाला.

एक बाई तेवढ्या मागं राहिल्या होत्या. शबाना मॅडम, उर्दू शाळेत शिकवायच्या, आता रिटायर. म्हणाल्या, "मी गुरुवारी दुपारी परत येणार आहे, साहेब. तुम्हीपण या. नीट बघून सांगते."

रफिकभाई बाहेर चहा पीत होता. "साहब, पिच्चर में कुछ हैच नहीं. दोनों बैठ के बाताँ कर रहे. वो तो मेरे घर में बी चलता."
माझ्या घरी नाही चालत, म्हणालो. त्यानं घरापर्यंत गाणं लावलं नाही.

१७ नोव्हें., सोमवार
प्राजू म्हणते, नेटवर शेवट लिहिलेला असतो, दोन मिनिटांत वाचून सांगते. नको म्हणालो. गुरुवारी जाणारच आहे, म्हणालो.
आज दूधवाल्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. आमच्या उस्मानपुऱ्यात एवढी वर्दळ, पण ती सगळी खिडकीखालून.

२० नोव्हें., गुरुवार
शो झाला नाही. तिकीट खिडकीवरचा म्हणाला, "दोनच तिकिटं गेलीत, सर. एवढ्यावर चालवत नाहीत. उद्यापासून तर हा पिक्चर निघालाच."
दोन तिकिटं म्हणजे मी अन् शबाना मॅडम.

बाहेरच्या सोफ्यावर बसलो. त्या म्हणाल्या, "खरं सांगू? शेवटी तो दिसतच नाही. नुसती ती बाई दिसते, त्याच्याकडं बघत असलेली. तो बसला का उठला, कुणालाच दिसलं नाही."
म्हणजे जिन्यात भांडत होते ते सगळे अंदाजानं.
"मग तिचा चेहरा कसा होता?"
"तोच परत बघायचा होता. मला वाटलं, हसली. माझी बहीण म्हणते, रडली."
त्यांचा मुलगा घ्यायला आला. खुदा हाफिज म्हणाल्या, गेल्या. नंबर मागायचं मला रिक्षात बसल्यावर सुचलं.

२३ नोव्हें., रविवार
प्राजूला सगळं सांगितलं. जिन्यातल्या भांडणाला ती खूप हसली. मग थांबून म्हणाली, "बाबा, आईपण तेच करायची."
"काय?"
"शेवट वाईट असला की तुम्हाला बदलून सांगायची. मला म्हणायची, खरं सांगितलं तर हे घरी येऊन जेवत नाहीत."
"कोणते सिनेमे?"
"एक-दोन मला माहितीयत. सांगू?"
उद्या सांग, म्हणालो.

दुपारपासून एकेक सिनेमा आठवून बघतोय. दोघं भाऊ स्टेशनवर भेटतात तो. म्हातारी गावी परत येते तो. म्हातारी खरंच परत आली असावी, तेव्हा नलूचा आवाज साधाच होता. भावांचं काही सांगता येत नाही.