वर्गातला दहावा

५ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. निवृत्तीनंतर माणूस गंजतो. मी गंजणार नाही.
सुकापूरच्या पुढे, डोंगराखालच्या वाडीत प्रौढ साक्षरता वर्ग सुरू होतोय. शिकवायला स्वयंसेवक हवा आहे. मोबाईलवर ॲपमध्ये नाव नोंदवलं. पहिला प्रश्न: आपण कोण? पर्याय दोन. शिकवणारा, शिकणारा. इतर लोक धाडकन शिकवणारा दाबून मोकळे झाले असतील. मी थांबलो. एकतीस वर्षं विमा कार्यालयात साहेबकी केली, पण मनातून मी अजून विद्यार्थीच आहे. नम्रपणे शिकणारा दाबलं. पुढचा प्रश्न: लिहिता-वाचता येते का? पूर्णपणे येतं असं कोणता विचारी माणूस म्हणेल? ‘थोडेफार’ दाबलं. हिरवी खूण आली.
अरुंधती म्हणाली, नीट वाचून भरलंत ना? मी जन्मभर दुसऱ्यांचे फॉर्म तपासत आलो, याची तिला आठवण करून दिली. ती कुकर लावायला गेली.

१२ फेब्रुवारी, सोमवार
वर्ग सुरू. समाजमंदिरात, रोज सहा ते साडेसात. दहा जण आले. केंद्राच्या मनिषा मॅडम बजावून गेल्या की दहा म्हणजे कमीत कमी. परीक्षेला दहा बसले नाहीत तर वाडीला केंद्र मिळणार नाही, म्हणजे मार्चची परीक्षाच नाही. मी म्हटलं, काळजी नको, दहाचे वीस करून दाखवतो.
आज शिक्षणाच्या इतिहासावर बोललो. सव्वा तास. ‘अ’ राहिला. तो उद्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
शुक्री नावाची बाई रोज सगळ्यांत पुढे बसते. आज वर्ग सुटल्यावर थांबली. म्हणाली, सर, शाळेत खिचडी शिजवायचं काम निघालंय. पास झाल्याचा कागद जूनच्या आत दिला तर मला घेतील. यंदा गेले नाय, पन कागद नाय मिळाला तर दिवाळीनंतर परत वीटभट्टीवर, पोरींना घेऊन. दोन्ही पोरींची शाळा दरवर्षी सहा महिने बुडते. मला खरोखर गलबलून आलं. रस्ताभर बोललो नाही. अर्थात स्कूटरवर एकटाच होतो.
संकल्प: शुक्री पास झालीच पाहिजे.
ती म्हणते, आधी ‘ख’ शिकवा. मी सांगितलं, क्रमाने जाऊ. सध्या ‘ऋ’ चालू आहे. तो वगळणं माझ्या तत्त्वात बसत नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार
उपस्थिती सात. काल सहा. दिवसभर बांधकामावर राबून येतात, मान्य. पण मीही न्यू पनवेलहून येतो. गोमा डोळे मिटून बसतो. ते चिंतन आहे असं मी धरतो, पण आज घोरला.
फळ्यावर मी ‘ऋषी’ लिहीत असताना मागे काहीतरी कुजबूज चालते. वळून पाहिलं की शुक्री वहीत काहीतरी झाकते. विचारलं तर म्हणाली, मराठी शाळेतली माझी पोरगी घरी ‘ख’ शिकवते. मी मनाला लावून घेतलं नाही. फार नाही.
मंडळी टिकवायची तर काहीतरी आकर्षण हवं. ठरलं: शैक्षणिक सहल.

९ मार्च, शनिवार
योजना चोख. टेम्पोने उरणचं मोरा बंदर, तिथून लाँचने मुंबई, दिवसभर पाट्या वाचत फिरायचं. लाँचचं टाइमटेबल छापून लॅमिनेट करून घेतलं. पहिली लाँच सकाळी साडेसहाला.
शुक्री म्हणाली, सर, उद्या आवस हाय. सकाळचं बंदरात पानी नसंल. गोमानेही मान हलवली. मी लॅमिनेट केलेला कागद त्यांच्यापुढे धरला. छापील मजकुरावर भरवसा ठेवायला शिकवणं हाच साक्षरतेचा पाया आहे. कुणी वाद घातला नाही. पटलं असावं.

१० मार्च, रविवार
६.२० – मोरा. जेट्टी आहे, लाँच आहे, समुद्र नाही. लांबपर्यंत चिखल. तिकीट खिडकीवरच्या माणसाला टाइमटेबल दाखवलं. तो म्हणाला, कागद बरोबर हाय तुमचा, पानी यायचं हाय. नऊ-साडेनऊपर्यंत थांबा.
७.०० – मंडळी चपला काढून चिखलात उतरली. खेकडे, म्हणजे त्यांच्या चिंबोऱ्या, पकडतायत. मी वरून धोक्याची पाटी वाचायला सांगत होतो. कुणी मान वर केली नाही.
८.१५ – मोजले. नऊ. वर्गातला महादेव नाही. टपरीवर द्रोणागिरीच्या गोदामांचा मुकादम चहा पीत होता, त्याला माणसं हवी होती. महादेव त्याच्याच गाडीत बसला. जाताना मला हात केला.
९.३० – पाणी आलं. मुंबईला जायला कुणीच तयार नाही. चिंबोऱ्या मरतील म्हणाले.
सहलीतून एकाला रोजगार मिळाला, हेही यशच. शुक्रीने डब्यातून दोन चिंबोऱ्या दिल्या. अरुंधतीने रस्सा केला. अप्रतिम झाला होता, पण दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.

११ मार्च, सोमवार
महादेवचा फोन लागला. दोन महिने तिकडेच राहणार म्हणाला, जेवण-राहणं फुकट हाय सर. परीक्षेला एक दिवस ये म्हटलं. मुकादम सोडंना म्हणाला.
नऊ. रविवारी परीक्षा. मनिषा मॅडमना कळवलेलं नाही. शुक्रीने आज बोटांवर मोजून विचारलं, सर, नऊच हायत, परीक्षा व्हईल ना? मी म्हणालो, होणारच. ती निश्चिंत होऊन गेली. दुपारीच बीपीची गोळी घेतली होती, परत घेतली.

१३ मार्च, बुधवार
मनिषा मॅडमचा फोन. हॉल तिकिटं आली, अकरा. महादेव गेल्याचं वाडीत कळलं, पण तो नसला तरी दहा बसतील, अभिनंदन. मी म्हटलं, अकरावा कोण? त्यांनी वाचून दाखवलं. कारखानीस अविनाश, वय एकसष्ट, लिहिता-वाचता येते: थोडेफार.
मी हसलो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, काका, मला वाटलं तुमच्या नावाचं दुसरं कुणी असेल. शिकवणाऱ्याच्या रकान्यात कुणीच नव्हतं, मग मी माझं नाव टाकलं. आता काढून टाकते तुमचं. मग किती राहतील, मी विचारलं. नऊ, म्हणाल्या. उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला.
ॲपची रचना सदोष आहे.

१४ मार्च, गुरुवार
नाव काढलं तर शुक्री भट्टीवर. ठेवलं तर मी सरकारदरबारी अडाणी. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी अरुंधतीला सांगितलं. ती आत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी होती. हसणं ऐकू येत होतं. बाहेर येऊन म्हणाली, बसा परीक्षेला, त्या बाईसाठी तरी बसा.
बसणार आहे. आतून व्यवस्थेची पाहणी करता येईल. तसंही कुणाला कळायचं कारण नाही.

१६ मार्च, शनिवार
कळणार. उद्याचे पर्यवेक्षक सत्यजीत वर्तक. निवृत्त मुख्याध्यापक आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. गेल्याच महिन्यात त्यांची पार्किंगची नोटीस मी शुद्धलेखनाच्या चौदा चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली होती.
मास्क घालायचा का? मफलर? मार्चमध्ये? संध्याकाळी दोनदा चप्पल घातली, मनिषा मॅडमकडे जाऊन नाही सांगावं म्हणून. दोनदा काढली.

१७ मार्च, रविवार
वर्तकांनी हॉल तिकीट पाहिलं. मला पाहिलं. परत हॉल तिकीट पाहिलं. म्हणाले, या, बसा, घाबरू नका. सही येते की अंगठा? मी सही केली.
पेपर तीन भागांत: वाचन, लेखन, संख्याज्ञान. तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. शुक्री पुढच्या बाकावर, मान खाली, जीभ दातांत. पहिला अर्धा तास मी फक्त तिच्या पेन्सिलीकडे पाहत होतो. थांबली की माझाही श्वास थांबायचा. मग ती भराभर लिहायला लागली आणि मी माझा पेपर उघडला. प्रश्नपत्रिकेतच तीन चुका होत्या. समासात सविस्तर टिपण लिहिलं. लेखनात ‘आपल्या गावाविषयी पाच ओळी’. न्यू पनवेलविषयी पाच ओळींत काय सांगणार? वर्तकांकडून पुरवण्या मागितल्या. त्यांनी दिल्या, दर वेळी जरा हसून.
घंटा झाली तेव्हा संख्याज्ञान राहिलं होतं. वर्तकांनी पेपर हातातून ओढून घेतला. हरकत नाही. माझा निबंध वाचल्यावर तपासणारा आकडेमोडीला महत्त्व देणार नाही.

३० एप्रिल, मंगळवार
निकाल. नऊच्या नऊ पास. शुक्री वाडीत पहिली. जूनपासून शाळेत खिचडीचं काम, मुख्याध्यापकांनी तसं लिहून दिलं. तिने ते पत्र स्वतः मोठ्याने वाचून दाखवलं, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. मला रडू आवरेना. लपवायचा प्रयत्नही केला नाही.
कारखानीस अविनाश: संख्याज्ञान शून्य. शेरा, ‘सुधारणा आवश्यक’. वर्तकांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय, पुढील वाटचालीस शुभेच्छा म्हणून. आतापर्यंत बावीस जणांनी अंगठा दाखवलाय.

२ मे, गुरुवार
वाडीत गेलो होतो, निरोप घ्यायला. भाषण तयार होतं. समाजमंदिरात मनिषा मॅडम बसल्या होत्या. म्हणाल्या, बसलेले सगळे पास झाले असते तर वर्ग बंद करावा लागला असता. एक जण राहिलाय, त्यामुळे सप्टेंबरच्या परीक्षेपर्यंत चालू ठेवता येईल. शिकवायला नवीन पास झालेलं कुणी असलं तरी चालतं.
मी घसा साफ केला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शुक्रीने हात वर केला.
ती माझ्याजवळ आली, हळू बोलली, चारचौघांत मला वाईट वाटू नये म्हणून. सर, तुमचं गणित कच्चं हाय. सोमवारपासून या, एकपासून सुरू करू. वही आणा. मी विचारलं, पेन चालेल ना? नको म्हणाली, पेन्सिल आणा, खोडायला लागंल.
अरुंधती आणायला गेली आहे. रबरवाली सांगितली आहे.