गुरुवारची खोली

१२ मार्च, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. धाकटीचा ताप उतरला, ह्यांची बदली पुन्हा एकदा टळली, स्वयंपाकघरातला नळ अजून गळतोच आहे. तुझी तब्येत उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आधी हसतोस, मग ‘अगं वेडाबाई’ म्हणतोस आणि मग तुझी मीटिंग निघते.

परवाच्या सभेत तू छान बोललास. खरंच सांगते. मी आरोग्य केंद्राच्या लोकांबरोबर मागच्या रांगेत बसले होते. समितीचा अध्यक्ष म्हणून तू दारूच्या प्रतिबंधाचा विषय पुकारलास, घसा साफ केलास आणि दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी मी केंद्रात चालवते ती गुरुवारची खोली दोन वाक्यांत मोडीत काढलीस. निधी तोच, त्याचं नावही तेच, फक्त आता त्यातून रस्तोरस्ती मोठे फलक लागणार. ‘दारू सोडा, घर जोडा’ आणि खाली तुझा फोटो. नमुन्यातला फोटो चांगला आलाय हो, दुसरी हनुवटी तेवढी झाकायला सांग.

फलकांवर माझा राग नाही. पिणारा माणूस फलक वाचतो, मान डोलावतो आणि त्याच्याच आडोशाला उभा राहून बाटली उघडतो, एवढंच. पण समितीला फलक दिसतो, खोली दिसत नाही. लसींच्या फ्रिजशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, चहा ठेवायचा आणि लोकांनी आपली लाज एकमेकांसमोर काढून ठेवायची, ह्याची फीत कुठे कापणार?

राग आहे तो तुझ्या पुढच्या बोलण्याचा. “सोडायची असेल तर माणूस स्वतःच्या मनाने सोडतो. मीही एके काळी घ्यायचो, एका दिवसात सोडली. मला कुठल्या खोलीत जाऊन रडावं लागलं नाही.” टाळ्या पडल्या.

दादा, तू रडला होतास. फ्रिजला टेकलेल्या खुर्चीत बसून, रुमाल तोंडात कोंबून. हे मी तुझ्यापाशीच बोलतेय, म्हणजे नियम मोडत नाही. खोलीत कोण येतं आणि काय बोलतं ते कुणालाही सांगायचं नाही, अगदी त्याच्या घरच्यांनाही नाही. ह्या नियमावर तुझा किती जीव होता. तो पाळतात याची खात्री झाल्यावरच तू पहिल्यांदा तोंड उघडलंस. पुढे तू येईनासा झालास, तेव्हा मी धरून चालले की बरा झालास, कामं वाढली. आनंदाने मी तुझ्या आवडीची खीरही करून पाठवली होती.

सभेत मी एकटी नव्हते. बसचा चालक होता, शिवणकाम करणारी होती, खोली वाचावी म्हणून मुद्दाम आले होते. दोघंही तुझ्याबरोबर त्या गोलात बसलेले. तू बोलत असताना शिवणकामवालीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आमच्यापैकी कुणीही एक वाक्य बोललं असतं तर तुझ्या टाळ्या तिथेच विरल्या असत्या. कुणी बोललं नाही. बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसा चालक जवळ आला आणि हळू म्हणाला, “बाई, गप्प राहिलात ते बरं केलंत. तो अजून आपल्यातलाच आहे.”

ज्यांची जागा तू काढून घेतलीस, त्यांनी तुझी अब्रू झाकली. आणि ते झाकतील हे तुला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तू इतक्या मोकळ्या गळ्याने खोटं बोललास. हे मला फार लागलंय. का केलंस एवढं एकदा सांग, म्हणजे मला झोप लागेल.

वहिनीला नमस्कार.

तुझीच, रागावलेली
छोटी

रविवार

दादा,

वरचं पत्र पाकिटात घातलं होतं. ते फोडून हे खाली लिहितेय, कारण आता मला तू काही सांगायची गरज उरली नाही.

काल वहिनी आली होती. बस म्हटलं तर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “खोली बंद करतायत म्हणे. मग ह्यांचं कसं होणार गं? दर गुरुवारी न चुकता येतात ना तुझ्याकडे?”

तू तर कधीपासून येत नाहीस. कोण येतं, कोण नाही, ते मला सांगता येत नाही, असं मी तिला म्हटलं. तिने ते ‘हो’च धरलं. माझे हात हातात घेऊन म्हणाली की तुझे उपकार कसे फेडू. मग म्हणाली, घरच्या माणसांना येणाऱ्याच्या शेजारी बसवून तुम्ही बैठक घेता, त्या बैठकीला यायचं मी ठरवलं होतं, ह्यांना तसं सांगितलंही होतं. कधी सांगितलंस, मी विचारलं. सभेच्या आदल्या आठवड्यात.

सभेत तू पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरलास. थरथरतात का म्हणून जगाचे हात मी निरखते, तुझ्या हातांचा तेव्हा अर्थ लावला नाही. तू पुन्हा प्यायला लागलायस. माझ्या खोलीचं नाव सांगून घरातून निघतोस आणि भलतीकडे जाऊन बसतोस. वहिनी त्या बैठकीला आली असती तर सगळं बाहेर पडलं असतं, म्हणून तू खोलीच बुडवलीस.

पुन्हा घसरलास याचा मला राग नाही. घसरतात माणसं, त्यांच्यासाठीच तर त्या खुर्च्या मांडतो. पण मी तोंड मिटून बसते ते तुझ्या भल्यासाठी, आणि तू त्याच मिटलेल्या तोंडाच्या आधाराने बायकोला फसवलंस, सभेला फसवलंस. दोन्हीकडे साक्षीला मी. विश्वासघात हा शब्द सख्ख्या भावासाठी लिहावा लागेल असं कधी वाटलं नव्हतं. लिहिला.

वहिनीला मी काहीही सांगणार नाही. ते तुझं तू सांग.

खोलीची चावी महिनाअखेर तुझ्या कार्यालयात पोचेल. त्यानंतर गुरुवारी संध्याकाळी आम्ही माझ्या घरी बसणार आहोत, जेवणाचं टेबल भिंतीला सरकवून. ह्यांनी शेजारून खुर्च्या मागून आणल्यात. कुरकुर करत आणल्या, पण आणल्या.

आलेल्याला परत पाठवायचं नाही, हाही आमचा नियम आहे, मग तो कुठूनही आणि कशाही अवस्थेत येवो. तू आलास तर मी दार उघडीन. बहीण म्हणून उघडलं नसतं.

खोलीतली,
बाई