ह्यांना मागे बसवलं

रविवार, सांज, पांढरकवडा

आज ह्यांची जुनी मोटारसायकल मी चालवली. मी!

डावा हात मोडल्यापासून ह्यांच्यानं क्लच दाबल्या जात नाही. म्हणून वणीचा एक जण उद्या गाडी विकत न्यायला येणार होता. सकाळी हे अंगणात बसून एका हातानं टाकी पुसत होते. मले पाहवलं नाही. म्हटलं, "कायले विकता? मले शिकवा."

"तुले?" हे हसले. पण पाना हातात दिला. ह्यांनी सांगितलं तसा मी प्लग काढून घासला, कार्बोरेटर पेट्रोलनं धुतला. किक उलटून पोटरीला लागली, अजून ठणकते. तरी गाडी सुरू झाली!

मग हे मागे बसले, आणि आम्ही हायवे सोडून जंगलाकडच्या रस्त्यानं निघालो. "क्लच हळू सोड. अवं, हळू!" सारखं क्लच, क्लच. मी चिडले. नंतर हे एकदम गप्प झाले. रागावले का? आपली गाडी दुसऱ्याच्या हाती पाहून वाईट वाटलं असेल? मी उगाच हट्ट केला का?

गाडी थांबवून विचारलं, "काहून बोलून नाही राह्यले?"

"पाहून राह्यलो. इतकी वर्षं या रस्त्यानं गेलो, पण नजर सारी खड्ड्यांवर. इथून नदी दिसते, मले माहीतच नव्हतं."

ह्यांनी तिथूनच वणीला फोन लावला. "नाही भाऊ, गाडी देत नाही. चालवणारी घरातच निघाली."

येताना मी गाडी मुद्दाम हळू आणली. ह्यांना आजूबाजूचं पाहायचं होतं.