छताची खिडकी

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. मी आज लवकर निघतेय. खरं सांगायचं तर हे तुमच्यासमोर तोंडाने बोलायचा धीर होत नाही, म्हणून ही चिठ्ठी.

घरामागच्या लाकडी ओट्यावर ग्रीनहाऊस उभारलं, तेव्हा दुकानदार म्हणाला होता की ऊन तापलं की छताची खिडकी आपोआप उघडते. मी विश्वास ठेवला. रोपं तरारली तशी "माझ्या हाताला गुण आहे" म्हणून ऑफिसभर मिरवलंही. रविवारी तुम्हाला स्टुलावर चढून ती खिडकी ढकलताना पाहिलं आणि पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलले. "बाबा, माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नका." तुम्ही "बरं" म्हणालात आणि ओट्यावरची आपली खुर्ची उचलून आत गेलात.

मग दोन-तीन दिवस ढगाळ होतं म्हणून निभावलं. काल ऊन पडलं. संध्याकाळी येऊन बघते तर आत नुसती भट्टी, आणि टोमॅटोची सगळी रोपं माना टाकून पडलेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की रोज दुपारी ती खिडकी कोण उघडत होतं.

रोपांचं काय, पुन्हा लावता येतील. तुमची खुर्ची होती तिथेच परत ठेवली आहे. खिडकीला लांब दोरी बांधलीय, स्टुलावर चढू नका. संध्याकाळी तुम्हाला हवं तेवढं रागवा मला. फक्त "बरं" म्हणू नका.

— सून
(रविवारपर्यंत तुम्ही जिला 'इंजिनिअरबाई' म्हणायचात, ती)