कापसात गुंडाळलेला खाऊ

आष्टी,
२२ नोव्हेंबर २००४

प्रिय रुचिका,

तुझी गोष्ट छापून आलेला दिवाळी अंक पोचला. तू स्वतः दिवाळीला आली नाहीस, फोन वाजला तरी उचलत नाहीस, पण अंक मात्र पाठवलास. दुकानात गर्दी होती आणि माझे हात गुळाने बरबटलेले होते, म्हणून सपनाला बाजूच्या पोत्यावर बसवून मोठ्याने वाचायला लावलं. तुझ्या वहिनीने वाचली छान. गोष्ट मात्र रद्दी आहे. पुड्या बांधायला आपल्याकडे रद्दी येते, तीत मी यापेक्षा बऱ्या गोष्टी वाचल्या आहेत. अर्ध्यांचा शेवट फाटलेला असायचा, तरी तो तुझ्या शेवटापेक्षा बरा.

तू म्हणशील, आईला विज्ञान काय कळतं. नाही कळत. पण सात समुद्रांपलीकडचा पिंजरा, त्यातला पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव ही गोष्ट तुला भरवताना मीच सांगायचे, तेव्हा माझ्या मालाचं काय केलंस ते विचारायचा मला हक्क आहे. तू पोपट हाकलून दिलास आणि त्या जागी भुलाबाईच्या खाऊचा डबा आणलास. इथवर मी कौतुकाने ऐकत होते. कोजागिरीच्या रात्री राजकन्येच्या हाती बंद डबा येतो, आत राक्षसाचा जीव असतो, आणि झाकण उघडेपर्यंत तो म्हणे जिवंतही आहे आणि मेलेलाही. मग ही शहाणी राजकन्या डबा फडताळात ठेवते, यंत्रांचं मोठं शहर वसवते आणि रोज दिवेलागणीला डब्याला नमस्कार करते. डबा तसाच राहिला, म्हणून गोष्ट संपली. राजकन्या आहे की फडताळाची राखणदार? पोपटाच्या गोष्टीतला राजपुत्र काही फार हुशार नव्हता, पण इतका प्रवास करून पिंजऱ्याला हात न लावता परत आला असता, तर तुझ्यासारख्या हट्टी पोरीने तेव्हाच मला गोष्ट बदलायला लावली असती.

आणि त्या राजकन्येची आई. जाडी, चिडकी, हाताला मुंग्या लागतात अशी गुळाची व्यापारीण. लोकांना ओळखू येणार नाही असं वाटलं का तुला? शेजारच्या शकुंतलाबाई अंक मागायला आल्या, तर मी सांगितलं की उंदराने खाल्ला.

तुझं ते दोन्ही-एकदम असणं सपनाने मला समजावून दिलं. बी. एस्सी. केलेली पोरगी, तिने त्या पेटीतल्या मांजराचा किस्सा सांगितला, पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही असणाऱ्या. ज्या गोऱ्याने तो मांडला, त्याने म्हणे थट्टा म्हणूनच मांडला होता, असं म्हणत गेलं तर किती वेडगळपणा होईल ते दाखवायला. त्याने केलेल्या थट्टेचं तू व्रत करून बसलीस. कॉलेजात पोरांनाही असंच शिकवतेस का?

तुझ्या पुण्याच्या वाचकांना भोंडल्याची खिरापत तेवढी ठाऊक, पण तुला तरी भुलाबाईचा खाऊ ठाऊक हवा होता. गाणी झाली की ज्या घरी भुलाबाई, त्या घरची पोर डबा वाजवते आणि बाकीच्या ओळखतात. कोणी आवाज ऐकतं, कोणी फटीतून वास घेतं, कोणी बुडाला हात लावून गरम आहे का बघतं. आतलं काय आहे ते आधीच ठरलेलं असतं, ओळखणारीला ते ठाऊक नसतं, एवढंच. तुझ्या विज्ञानात याहून मोठं काय करतात ते मला एकदा येऊन सांग.

तू चौथीत असतानाची आपल्या घरच्या भुलाबाईची पाळी आठवते? आदल्या दिवशी समीक्षाच्या घरी काजूची बर्फी झाली होती आणि त्या पोरीने नाकपुड्या फुगवून गल्लीभर सांगितलं होतं. मी डब्यात खाऊच्या चहूबाजूंनी कापूस ठासला. आवाज नाही, वास नाही. तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून तुलाही सांगितलं नाही. सगळ्या पोरी ओळखून ओळखून थकल्या, हरलो म्हणाल्या, आणि तू डबा पोटाशी धरून रडायला लागलीस. उघडायलाच तयार नाहीस. आत काहीतरी लाजिरवाणं निघेल, समीक्षा हसेल, ही तुझी भीती. न उघडता डबा घेऊन झोपायला निघालीस. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं ते तुला आठवत असणार.

“उघड रुचू. उघडल्यानं आतली चीज बदलत नाई.”

निघाले मुरमुऱ्याचे लाडू. समीक्षा हसली, पोटभर हसली. तू रडलीस. आणि मग तुम्ही सगळ्यांनी ते खाल्ले, समीक्षाने सगळ्यात जास्त. आतून काजू निघाले असं मी तुला खोटं सांगणार नाही. जे होतं ते निघालं आणि आपण ते वाटून घेतलं.

आता सपनाचं. ती शेवटचं वाक्य वाचताना रडायला लागली. मला कळेना, इतक्या टाकाऊ गोष्टीला कोणी रडतं? मी चिडले, गिऱ्हाईक परत पाठवलं, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि तिला धरूनच बसले. कोणाला सांगायचं नाही ही तू घातलेली शपथ तिने बराच वेळ पाळली, तिला बोल लावू नकोस. शेवटी म्हणाली, “आई, ताईच्या छातीत गाठ हाय. राखीपासून हाय. डॉक्टरकडं जातच नाई म्हणते.”

राखीपासून. तितक्या दिवसांत तू शहर वसवलंस, यंत्रं बसवलीस, माझे हात गुळाने माखलेस आणि दहा पानं लिहिलीस. डॉक्टरच्या दारात जायला मात्र तुला सवड झाली नाही. जोवर बघितलं नाही तोवर ती काहीच नाही, असं ना? भौतिकशास्त्राची प्राध्यापक आहेस, रुचिका. लाज वाटते मला तुझी. आणि इतकी भीती वाटते की कालपासून तराजूत काय टाकते आणि किती टाकते ते मला कळत नाही. तुझ्या भावाने, निकेशने, आज मला गल्ल्यावरून उठवलं.

तर हे पत्र गोष्टीबद्दल नाही. पुलगावहून महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट निकेशने काढलं आहे, शुक्रवारी मी तुझ्या दारात असेन. फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहावं लागलं. त्याच दिवशी आपण डॉक्टरकडे जायचं. पुण्यात नको वाटलं तर इकडे सेवाग्रामच्या दवाखान्यात चल, तिथे मी रोज डबा घेऊन येईन. आत काय आहे ते मला ठाऊक नाही आणि काजूच निघतील असं मी म्हणणार नाही. या वेळी कापूस मी ठासलेला नाही. पण उघडताना तू एकटी नसशील, आणि जे निघेल ते आपण वाटून घेऊ. मुरमुऱ्याचे लाडू आणते आहे. स्टेशनवर येऊ नकोस, मला पत्ता सापडतो. बेल वाजली की तेवढं दार उघडजो.

तुझीच, गुळाच्या हाताची,
आई