दात आंबतात म्हणून

नांदेड, ता. ४ मार्च २०२४

चि. लुंबिनीस अ. आ. आणि जयभीम.

मागची एक सकाळ आठवते. मी नळाचं पाणी भरलं, अंगण झाडलं आणि डाळ निवडायला घेतली. तुझे दादा मोरीशी उभे राहून दात घासत होते. लिंबूपाणी झालं की लगेच घासायचं, हा त्यांचा नियम. आंबट दातांवर राहू द्यायचं नाही, हे ते वर्गातल्या पोरांना जसं सांगायचे तसंच मला सांगायचे. मी हाव म्हणायचे आणि डाळ निवडत बसायचे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. आता तो नियम मी पाळून राहिले.

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तोंड लई कोरडं पडतं. जीभ टाळूला चिकटते. म्हणून तांब्याभर लिंबूपाणी करून ठेवते आणि दिवसभर घोट घोट घेते. दात आंबले की उठून घासते, चार-पाच वेळा तरी. तू दातांच्या दवाखान्यात काम करतेस, तेव्हा शाबासकी द्यावीस. एवढं करूनही गार पाणी लागलं की कळ डोक्यात जाते. पुढच्या दातांच्या कडा पातळ झाल्यात, आरशात आरपार दिसतात. वयाचं असेल. फोनवर मला असलं सांगता येत नाही, म्हणून लिहिलं.

पोरांना जवळ घे, आणि मला विसरू नको.

तुझी वहिनी,
महामाया

लातूर, ता. ११ मार्च

ती. महामाया वहिनींस सप्रेम जयभीम, वि. वि.

शाबासकी मिळणार नाही. तुमचं पत्र आमच्या डॉक्टरबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आधी यांना ब्रश खाली ठेवायला सांग. दात आंबतात तेव्हा वरचा थर आंबटानं मऊ पडलेला असतो. तो परत घट्ट करायचं काम लाळेचं, आणि तिला वेळ लागतो. तासभर तरी घासू नये. तुम्ही मऊ थरच घासून काढून राहिलात. त्यात गोळ्यांनी लाळ कमी, आणि दिवसभर घोट घोट घेतल्यावर तिला सवड कुठली. गेलेला थर परत येत नाही. उरलाय तो वाचेल. साधं पाणी प्या. गोळ्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दातही दाखवा.

वहिनी, पुढचं लिहायला जड जातंय. दादाचा नियम मीही लहानपणी पाठीत धपाटे खाऊन पाळला. पण दादाचं चुकलं होतं. दात दाखवून या, मग भांडायला खुशाल लातूरला या. भाकरी मऊ करून वाढीन.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची लुंबिनी

नांदेड, ता. १९ मार्च

चि. लुंबिनीस अ. आ.

रागावले. तीन दिवस तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं आणि मुद्दाम लिंबूपाण्यावर घासत राहिले. ज्या माणसानं लग्नानंतर मला बाराखडी शिकवली, त्याचं चुकलं असं तू एका ओळीत लिहून टाकलंस. आणि ती ओळ मला वाचता आली, ती त्यांच्यामुळेच.

चौथ्या दिवशी त्यांच्या कपाटातून विज्ञानाचं पुस्तक काढलं, आम्लाचा धडा वाचला. अंड्याचं टरफल वाटीत ठेवून वर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. काही वेळानं टरफल बोटानं पुसलं, तर पांढरा लेप बोटाला लागला. तेवढं पुरलं. लिंबू बंद केलं.

साधं पाणी प्यायलं तरी हात अजून ब्रशकडे जातो. त्यांचं म्हणून रोज करायला एवढंच उरलं होतं, तेही सुटलं. दमले मी. दवाखान्यात जायला मन घेत नाही. तिथं विचारतील, हे कोणी शिकवलं. त्यांचं नाव मला असं घ्यायचं नाही.

तुझ्यावरचा राग उतरलाय. खुशाली कळवत जा.

महामाया

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी विष्णुपुरीला गेले. डॉक्टरीणबाईंनी दात पाहिले आणि आंबटावर लगेच घासायला कोणी सांगितलं ते विचारलं. मी माझं नाव सांगितलं.