दिवाळीची लादी

बाबा, तुमचा ओटा आज सकाळी फुटला. फोडायला लावणारी मीच, हे आधी सांगून टाकते. आणि मी चिडलेय, हेही सांगते. दादावर नव्हे, तुमच्यावर. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आज पहिल्यांदा तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटतंय, तर तुम्ही भिंतीवर हार घालून बसलेले. दोन शब्द ऐकून घ्यायलाही समोर नाही.

झालं असं, की खारीच्या वस्तीतल्या आपल्या दुकानासमोरच्या रस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा करायचा ठरलंय. आराखड्याचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलं, का, तर ‘मॅडम तिथल्याच आहेत ना’. हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जाणारी माणसं अजून याच रस्त्याने सायकल मारत जातात. डब्याची पिशवी हँडलला, मागून रिक्षा बोंबलतेय, बाजूने पाण्याचा टँकर चाललाय. आपल्याकडे पाव टाकणारा तो हसरा माणूस आठवतो ना? गेल्या पावसाळ्यात टँकरने त्याला घासलं. जीव वाचला, पण पाय गेला. आता तो घरात बसून असतो.

मोजमापाला मी स्वतः गेले. टेपचं एक टोक धरून उभी राहिले आणि हसावं की रडावं कळेना. कागदावरच्या रस्त्यात पट्टा आरामात बसतो, जागेवरच्या रस्त्यात बसत नाही. मग मधली जागा गेली कुठे? ओट्यांखाली! धान्यवाल्याचा ओटा, मेडिकलचा ओटा, फरसाणवाल्याचा ओटा, आणि सगळ्यांच्या पुढे नाक काढून आपला. सायकल दुरुस्तीच्या दुकानाचा. टेप धरणारा माणूस म्हणाला, “मॅडम, इधर तो रोडही खा गया किसीने.” मी आकडा वहीत लिहिला. काय सांगणार होते?

कारण मला सगळं आठवत होतं. दिवाळी आली की दुकानाला रंग लागायचा आणि ओट्याला एक नवीन लादी. लादीवाल्याकडचे फुटके तुकडे तुम्ही गोणीत घालून आणता, घमेल्यात सिमेंटचा माल कालवता, आणि मला हाक मारता, “ये गं, यंदा कुठला रंग?” मी रुबाबात बोट दाखवते. एका वर्षी लाल, एका वर्षी हिरवी, एका वर्षी ती काळी कडप्पा. लादी बसते, ओटा वीतभर पुढे सरकतो. आई विचारते, “अहो, रस्त्यावर नाही का जात?” तुम्ही थापी पुसत म्हणता, “कोणाचं काय जातंय? गटारावरचीच तर जागा.” तुम्ही पुढे आलात म्हणून धान्यवाला आला, धान्यवाला आला म्हणून मेडिकल. अख्ख्या रस्त्याने दिवाळीची लादी घातली, आणि फराळाची ताटं त्याच लाद्यांवरून इकडून तिकडे गेली. वाईट माणूस एकही नव्हता त्यात, हीच तर पंचाईत आहे.

पण बाबा, कडप्पाची लादी बसली त्याच दिवाळीत मी सायकलचा हट्ट धरला होता. दादाला केव्हाच मिळाली होती. दुकानात छताच्या हुकाला एक लेडीज सायकल टांगलेली होती, कोणीतरी दुरुस्तीला टाकून न्यायला विसरलेली. मी म्हटलं, मला ती शिकवा. तुम्ही एका डुगडुगत्या चाकाचा आऊट काढत होतात, चावीने एकेक तार आवळत, चाक फिरवून बघत. मान वर न करता म्हणालात, “शिकून जाशील कुठे? रस्त्याला कड राहिली नाही पोरी. तुला त्या गाड्यांत मी सोडणार नाही.” मी पाय आपटले, तर ओरडलात. मी त्या काळ्या लादीवर बसून रडले, सिमेंट अजून ओलंच होतं. कड गेली होती कुठे, बाबा? मी तिच्यावरच बसले होते ना!

हे तेव्हा कळलं नाही. यंदा कळलं, टेप हातात असताना. तुम्ही मला जपत होतात हेही कळतं, म्हणून तर राग धड काढताही येत नाही.

आणि आता दादा. सायकली कमी झाल्या, तो स्कूटर दुरुस्त करतो, दुरुस्तीच्या गाड्या ओट्यावर उभ्या असतात. मागच्या आठवड्यात सगळे दुकानदार त्याच्याकडेच जमले. धान्यवाले काका मला म्हणाले, “बेटी, पहले अपने भाई का ओटा तोड के दिखा, फिर हमारे पास आ.” दादा खवळला. “सायकलींच्या जिवावर आपण वाढलो, आणि तू सायकलीचं नाव घेऊन बापाचं दुकान कापतेयस?”

“दुकान नाही रे, फक्त ओटा.”

“ओटा म्हणजेच दुकान! आत कंप्रेसर आणि मी, एवढीच जागा आहे. गाड्या काय डोक्यावर लावू? घर कशावर चालवू?”

साहेबांनी वाट काढून दिली होती. म्हणाले, एवढ्या एका ठिकाणी पट्टा बाहेरून वळवू, घरचं आहे, समजू शकतो. पण आपल्या दुकानापुढेच बसथांबा आहे. पट्टा वळवला की सायकलवाला नेमका बसच्या तोंडी जाणार. आणि आपल्याला वळण दिलं की उद्या प्रत्येकाला वळण. मग उरणार काय, तर पांढरा रंग आणि एक पाटी. मी रेघ सरळ ठेवली. त्या दिवसापासून दादाने माझा फोन उचलला नाही.

आज सकाळी जेसीबी कोपऱ्यावर येऊन थांबला. सगळा बाजार बाहेर. मेडिकलवाल्याने शटर अर्धं ओढून घेतलं. तेवढ्यात दादा आतून पहार घेऊन आला. तो माझ्यापुढून गेला, बघितलंही नाही. वाकला आणि कडप्पाच्या फटीत पहार घातली. “बाबांच्या लादीला मशीन लागणार नाही,” एवढंच बोलला. काळी निघाली, मग हिरवी, मग लाल. माल मारायला तुम्ही कधी कंजुषी केली नाहीत, दादा घामाने निथळला. मी हात लावायला गेले तर खेकसला, “हो बाजूला, पायावर पडेल.” माझ्या डोळ्यांना धार लागली, लोकांनी बघितलं असेल तर बघू दे. धान्यवाले काका स्वतःची पोती आत ओढायला लागले.

मग आमच्या माणसांनी पट्ट्याच्या कडेने नारिंगी खांब लावले. थोड्या वेळाने हाटकेशकडे जाणारा एक सायकलवाला आला, खांबांकडे संशयाने बघितलं आणि आत शिरला. त्याच्यामागे दुसरा. एवढ्यात दादा दुकानातून ती लेडीज सायकल घेऊन बाहेर आला. हुकावरचीच, बाबा! पुसलेली, दोन्ही चाकांत हवा भरलेली. माझ्यापुढे उभी करून म्हणाला, “घे. तुझा रस्ता आहे ना, तूच कर उद्घाटन.”

काम बघायला आलेले साहेब टाळ्या वाजवायला लागले. सगळे बघतायत. मी हँडल धरलं आणि तोंडातून निघून गेलं, “आज गुडघा दुखतोय माझा.” दादा माझ्याकडे बघत राहिला. सगळ्यांदेखत मला तोंडावर पाडायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. तो साहेबांकडे वळून म्हणाला, “हो, जुनं दुखणं आहे तिचं.” आणि पहार उचलून आत गेला.

मी सायकल हातात धरून पट्ट्यातून बसथांब्यापर्यंत चालत गेले. बाजूने टँकर गेला, पण लांबून गेला.

हे सगळं रद्द झालेल्या एका ड्रॉइंगच्या पाठीवर लिहितेय. कुठे पाठवणार? घडी करून कपाटात ठेवते. गुडघा ठणठणीत आहे, बाबा, सायकल चालवायला मी कधी शिकलेच नाही. सायकल दाराशी उभी आहे, आणि सीट मला जरा उंच होतेय, हे दादाला सांगायला फोन हातात घेतला होता, तो तसाच खाली ठेवलाय.